उकिरड्यावरचं पाकीट

१२ ऑगस्ट २०२४
तीर्थपुरी, घरूनच

शीतल,

तू फोन उचलत न्हाईस. मायचा उचलतेस, माझा नंबर दिसला की कट करतेस. मला हे कळत न्हाई असं समजू नको. म्हणून पत्र लिहून राह्यलो. अख्ख्या गावाचे अर्ज मी लिहिले, विहिरीचे, लाईटचे, वारसाच्या नोंदीचे. तालुक्याला साहेब लोक अक्षर बघून विचारतात, हे मच्छिंद्ररावांनी लिहिलं का म्हणून. आता पोटच्या पोरीला अर्ज करायची पाळी आली.

मुद्द्यावर येतो. तुला विद्यापीठातून नोटीस आली आणि तू ती घरी सांगितली न्हाईस. अगं, विद्यापीठ अचळनाथ संस्थानाचं, आणि त्या संस्थानाच्या भक्तमंडळात मी वीस वर्षांपासून आहे. माझ्यापासून काय लपणार? जूनमध्ये संस्थानानं साफ कळवलं होतं, की जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा घ्यायचा न्हाई, त्याच्या जागी महाराजांची ‘सृष्टीरचना’ ही पुस्तिका शिकवायची. चौऱ्याऐंशी लक्ष योनी देवानं घडवल्या तशाच आहेत, एकीची दुसरी होत न्हाई, एवढं साधं त्यात लिहिलंय. तू काय केलं? पुस्तिका पंधरा मिनिटांत वाचून दाखवली आणि पुढचे तीन दिवस तोच बंद केलेला धडा फळ्यावर काढला.

कुणीतरी तक्रार केली म्हणे. अकरा भक्तांच्या सह्या आहेत म्हणे. दोन आरोप आहेत. एक, माणूस आणि माकड एकाच पूर्वजाची लेकरं असं तू सांगितलं. दुसरा, शेतकऱ्यांच्या वावरात अळी बदलली असं खोटं उदाहरण देऊन भक्त शेतकऱ्यांची बदनामी केली. चौकशी समिती बसणार आहे. समितीवर शरदचंद्र सर आहेत, जालन्याच्या कॉलेजातून प्राचार्य म्हणून रिटायर झालेले, भला माणूस आहे. महिनाअखेरपर्यंत तू एक माफीनामा लिहून दिला तर समिती बसायचीच न्हाई, असं मला मंडळातून कळलंय. न्हाई दिला तर तुझी नोकरी जाते. बिलकुल जाते, यात शंका ठेवू नको.

मी मजकूर करून सोबत जोडला आहे. चार ओळी आहेत. तू फक्त खाली सही कर.

आणि बापाचाही जरा विचार कर. यंदाच्या सप्ताहातही दुपारी दोन ते चारचा पहारा आपल्याकडंच आहे. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि तो दोन ते चारचा वेळ माझ्या आजापासून आपल्या घरात आहे. मी गळ्यात वीणा घालून उभा राहीन आणि माझ्या पाठीमागं लोक तुझं नाव घेऊन कुजबुज करतील. हे तुला चालत असेल तर मला काही म्हणायचं न्हाई.

तुझी माय बरी आहे. मीही बरा आहे, तू विचारणार न्हाईस तरी सांगतो.

तुझा बाप
मच्छिंद्र


२५ ऑगस्ट २०२४

शीतल,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी चारचौघांत बसलेलो होतो. पोरीचं पत्र आलं म्हणून मोठ्या ऐटीत फाडलं. आत माझा माफीनामा, सही न करता परत, आणि एक झेरॉक्स. सोबत तुझ्या अक्षरातला एक कागद न्हाई.

झेरॉक्स तक्रारीची आहे. आणि तू लाल पेननं एका शब्दाला गोल केलाय, पोरांचे पेपर तपासतेस तसा. ‘खोटे उदाहरण’ यातल्या ‘खोटे’ला.

बरं. अक्षर माझं आहे. तुला पाटीवर अ-आ-इ मीच गिरवायला लावले, तुला ते ओळखू येणार न्हाई असं मी कशाला म्हणू. पण मजकूर मंडळाचा आहे. त्यांनी सांगितला, मी लिहिला. नावही त्यात तुझं न्हाई, ‘जीवशास्त्र विभागातील एक प्राध्यापिका’ एवढंच आहे. मी सही केलेली न्हाई, खाली बघ. अकरा सह्यांत माझी न्हाई. मंडळात लिहिता येणारा दुसरा कोण आहे? सेक्रेटरी सूरजला दोन ओळी धड येत न्हाईत, सगळं मोबाईलवर बोलून टाकतो. मी लिहिलं नसतं तर तालुक्यातून लिहून आणलं असतं, आणि त्यात काय काय घातलं असतं देव जाणे. मी तरी भाषा सभ्य ठेवली.

तुला माझा राग आलाय, येऊ दे. मलाही तुझा आला होता. आपल्या गल्लीतल्या कौसल्याची भावना तुझ्याच वर्गात आहे. तिनं घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं, की शीतल मॅडमनी उत्क्रांती शिकवताना पुस्तकातलं उदाहरण दिलंच न्हाई, त्यांच्या वडिलांच्या वावरातलं दिलं. मॅडमचे वडील बियाचं पाकीट उकिरड्यावर फेकून द्यायचे म्हणून बोंडअळी हुशार झाली. कौसल्यानं ते पिठाच्या गिरणीवर सांगितलं. मी दळण घ्यायला गेल्तो तर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. गिरणीवाला म्हणतो, मच्छिंद्रराव, तुम्ही तर पुस्तकात आलात.

पण तक्रार त्यासाठी न्हाई. तक्रार धर्माची आहे. तेवढं ध्यानात ठेव.

मच्छिंद्र


३ सप्टेंबर २०२४

शीतल,

काल पोळा झाला. तू आली न्हाईस. नवीन जालन्याहून तीर्थपुरीची गाडी सुटते हे तुला माहीत आहे, स्टेशनमागच्या तुझ्या खोलीपासून स्टँड काही लांब न्हाई. पण पाऊसच असा होता की येती तरी अडकली असती, असं मी तुझ्या मायला सांगितलं. तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या, बैलांना खाऊ घातल्या, आम्ही दोघांनी खाल्ल्या. खालच्या वावरात गुडघाभर पाणी साचलंय.

जेवताना मी तिला म्हणालो, द्वारका, तुझ्या लेकीला समज दे, माफीनामा दिला असता तर प्रकरण मिटलं असतं. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, “तुम्ही आधी मला एक सांगा. पोरीनं खोटं सांगितलं का?”

मी म्हणालो, प्रश्न तो न्हाई. ती म्हणाली, प्रश्न तोच आहे, तुम्ही तसं लिहून दिलंय. आणि उठून चुलीपुढं गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. घरात दोन माणसं, त्यातलं एक गप्प.

मंग मी रात्रभर जागलो वगैरे काही न्हाई. झोपलो. पण सकाळी वावराच्या बांधाला, धुऱ्यावर उभा होतो तेव्हा तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. तुला जे सांगितलं न्हाई ते लिहितो. तू लहान होतीस, तुला काही आठवत असेल, काही नसेल.

बीटी कपाशीची पिशवी यायची तेव्हा त्यात एक छोटं पाकीट वेगळं असायचं. साध्या कपाशीचं बी. पिशवीवर चित्र काढलेलं असायचं, वावराच्या चारी कडांनी हे साधं बी लावा म्हणून. का लावा ते कुणी नीट सांगितलं न्हाई. कृषीचा एक माणूस एकदा पारावर आल्ता, तो म्हणाला, कडेची कपाशी अळीला खाऊ द्या. सगळे हसले. अळी मारायला बीटी आणायची आणि वर तिला जेवायला घालायचं? त्या दिवशी मी उठून बोललो होतो. म्हणालो, कडेचे चार तास, चार ओळी कपाशीच्या, वाया घालवायला आपण काय येडे आहोत का, ते बी रिकामं आहे, गुरांना द्या न्हाईतर उकिरड्यावर टाका. माझं ऐकायचे लोक. माझी कपाशी गावात एक नंबर होती. मी फेकलं ते फेकलंच, पण माझ्या शब्दावर अख्ख्या गावानं फेकलं. सहा-सात वर्षं फेकलं.

आणि मंग सतराचं साल आलं. तू त्या वर्षी एम.एस्सी.ला होतीस. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी. वेचायला कापूसच न्हाई, नुसती किडकी, पिवळी कवडी. गावातल्या लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. मी संस्थानात जाऊन महाराजांकडून अंगारा आणला आणि धुऱ्यावर टाकला. दिवाळीला तू घरी आलीस, बोंडं फोडून बघत बसलीस आणि मला सगळं समजावून सांगितलंस. हजारात एखादी अळी जन्मतःच बीटी पचवणारी असते. बाकीच्या मरतात, ती उरते. कडेला साधी कपाशी असती तर तिथल्या साध्या अळ्यांशी तिचं जमलं असतं आणि पिल्लं साधीच निपजली असती. आपण कडच ठेवली न्हाई, मंग उरलेलीला उरलेलाच जोडीदार मिळत गेला. मी तुला तेव्हा काय म्हणालो आठवतं? म्हणालो, तू तुझी पुस्तकं सांभाळ, शेती मला शिकवू नको.

तू बराबर होतीस. मला तेव्हाही ते कळलं होतं. पण मी कुणाला बोललो न्हाई, कारण बोललो असतो तर गाव म्हणालं असतं, की मच्छिंद्रानं आमचं वावर खाल्लं.

आणि सात वर्षांनी तू ते साठ पोरांसमोर बोललीस. माझं नाव न घेता, पण माझा बाप म्हणून. गिरणीवर मला जी लाज वाटली ती मी तक्रारीत धर्म म्हणून लिहिली. खरं ते हे आहे. लिहायला बसलो तेव्हा मजकूर मंडळाचा होता, पण ‘खोटे’ हा शब्द मंडळानं सांगितलेला न्हाई. तो मी आपल्या मनानं घातला.

हे पत्र पोस्टात टाकावं की न्हाई याचा विचार करून राह्यलो. टाकतो.

मच्छिंद्र


१८ सप्टेंबर २०२४

शीतल,

हे तुला उद्यानंतर मिळेल. म्हणजे तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, म्हणून लिहायला जरा सोपं जातंय.

माफीनामा तू दिला न्हाईस, म्हणून उद्या अकरा वाजता समिती बसणार. तुला माहीत आहे. तुला जे माहीत नसेल ते असं, की तक्रारीच्या बाजूनं साक्षीदार मी आहे. सूरज आज दुपारी गाडी घेऊन आल्ता. म्हणाला, काका, पहिला आरोप सिद्ध झाला तरी मॅडम म्हणतील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात होतं ते शिकवलं, पेपरला बातमी येईल, संस्थानाची बदनामी होईल. दुसरा आरोप मात्र पक्का आहे. खोटं उदाहरण देऊन शेतकऱ्यांना नावं ठेवली म्हणजे काढून टाकायला तेवढं बस झालं, आणि त्यावर कोर्टातही कुणी बोलू शकत न्हाई. त्यासाठी शेतकरीच पाहिजे, आणि खुद्द मॅडमचा बापच म्हणाला तर विषयच संपला. मला सांगायचं आहे एक वाक्य. असं काही माझ्या वावरात घडलं न्हाई.

मी त्याला न्हाई म्हणालो न्हाई. हो पण म्हणालो न्हाई. चहा दिला. जाताना तो दारात उभा राहून म्हणाला, सप्ताहाची पहाऱ्याची यादी परवा काढायची आहे, तुमचं नाव नेहमीच्या जागी धरलंय. सहज बोलल्यासारखं बोलला. मी एवढा भोळा न्हाई.

शीतल, मी भित्रा माणूस आहे हे तुला माहीत आहे का? गावाला माहीत न्हाई. अर्ज लिहिताना मी कलेक्टरलाही खडसावतो, पण ते दुसऱ्याच्या नावानं असतं. खाली सही त्यांची. माझ्या स्वतःच्या नावानं मी आजवर एकही कडक ओळ लिहिलेली न्हाई. उद्या माझ्या नावानं बोलायचं आहे. तुझ्या मायनं धुतलेलं धोतर काढून ठेवलंय, विचारलं काहीच न्हाई.

उद्या मी काय बोलेन ते मला आत्ता सांगता येत न्हाई. खोटं बोलत न्हाई, खरंच येत न्हाई.

मच्छिंद्र


२१ सप्टेंबर २०२४

शीतल,

बाहेर बाकड्यावर तू बसली होतीस. मांडीवर बॅग, त्यावर दोन्ही हात. मी सूरजबरोबर पुढून गेलो. तू माझ्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघितलंस. मला वाटलं उठून उभी राहशील, लहानपणी मी शाळेत आलो की राहायचीस तशी. राहिली न्हाईस. बरोबरच आहे.

आतलं तुला कुणी सांगितलं असेल नसेल, म्हणून मी सांगतो. मध्ये शरदचंद्र सर, एका बाजूला कुलसचिव, दुसऱ्या बाजूला गादीवर महाराज. मी आधी महाराजांच्या पाया पडलो. ते मी सोडणार न्हाई, तुला आवडो न आवडो. मंग खुर्चीत बसलो.

सरांनी तक्रार वाचली. माझंच लिहिलेलं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मान खाली गेली. मंग म्हणाले, उदाहरण खोटं असल्याचं यात म्हटलंय, आपण मॅडमचे वडील आहात, त्याच वावराचे मालक आहात, आपण काय सांगाल.

मी सूरजकडं बघितलं. त्यानं मान हलवली. मी पाणी मागितलं, कुलसचिवांनी ग्लास सरकवला, तो सगळा प्यायलो. आणि मंग म्हणालो, “सर, हा सगळा कागद मी लिहिलाय. त्यात ‘खोटे’ हा शब्द माझ्या पदरचा आहे. तो काढून टाका.”

त्यानंतर मला थांबता आलं न्हाई. पाकिटाचं सगळं सांगितलं. पारावर उठून काय बोललो होतो ते सांगितलं. कोणाकोणाच्या वावरात माझ्या शब्दावर कड लावली न्हाई, त्यांची नावं सांगितली. तक्रारीवर सह्या करणाऱ्या अकरांपैकी सात जण त्यात होते. सर लिहून घेत होते, मध्येच पेन थांबवून त्यांनी विचारलं, हे तुम्ही आधी कुणाला बोलला होतात का. मी म्हणालो, न्हाई सर, लाज वाटत होती.

महाराज इतका वेळ डोळे मिटून होते. त्यांनी डोळे उघडले. आवाज अगदी मऊ. म्हणाले, “मच्छिंद्रराव, एकच सांगा. अळी आपोआप बदलली, का देवानं बदलली?”

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मी तुझ्यासारखं शिकलेलो न्हाई आणि त्यांच्यासारखा देवही पाहिलेला न्हाई. मी हात जोडून म्हणालो, “महाराज, ते मला ठाऊक न्हाई. पाकीट मी फेकलं, एवढं ठाऊक आहे. आणि तुम्ही दिलेला अंगारा टाकला तरी अळी मेली न्हाई, तेही मी डोळ्यांनी बघितलं.”

दुसरं वाक्य बोलायला नको होतं असं नंतर वाटलं. पण तोंडातून गेलं.

बाहेर आलो तर बाकड्यावर तू नव्हतीस, तुला दुसऱ्या दारानं आत घेतलं होतं. सूरजनं गाडीत बसा म्हटलं न्हाई. मी रिक्षानं स्टँडवर आलो, एसटी पकडली, पाच वाजता घरी पोचलो. तुझ्या मायनं दारातच विचारलं, काय बोललात. मी सांगितलं. तिनं धोतर बदलायला सांगितलं आणि ताट वाढलं. पोळ्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर बसून जेवली.

तुझ्यावर मी उपकार केले असं समजून लिहीत न्हाई. घाण मीच केली होती.

तुझा बाप


५ ऑक्टोबर २०२४

शीतल,

निकाल भावनाकडून कळला. तू कळवायची न्हाईस हे धरून होतो. दुसरा आरोप रद्द. पहिला कायम. नोकरी राहिली, पण यंदा वर्षभर तुला वर्गात शिकवायला बंदी, धडे दुसरे सर घेणार, तुझ्याकडं फक्त प्रात्यक्षिकं. पोरांना बेडूक आणि झुरळं दाखवायची आणि तोंड बंद ठेवायचं. भावना म्हणते तू राजीनामा लिहून बॅगेत ठेवलाय. देऊ नको असं मी सांगणार न्हाई, दे असंही न्हाई. मागच्या वेळी तुला काय करायचं ते मी सांगितलं, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं.

सप्ताह झाला. पहाऱ्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला वाटलं राहून गेलं असेल, म्हणून पहिल्या दिवशी दोन वाजता टोपी घालून जाऊन उभा राहिलो. आधीच्या पहारेकऱ्यानं गळ्यातून वीणा काढली, माझ्या अंगावरून हात लांब करून सूरजच्या चुलत्याच्या गळ्यात घातली. कुणी मला जा म्हणालं न्हाई. कुणी थांब पण म्हणालं न्हाई. मी बायकांच्या मागं सतरंजीवर जाऊन बसलो आणि दोन तास भजन ऐकलं. मला वाईट वाटलं, शीतल. लई वाईट वाटलं. साठ वर्षांचा माणूस, मला रडू आलं, उपरण्यानं पुसलं. सातही दिवस गेलो मात्र. देव त्यांच्या एकट्याचा न्हाई.

गावात दोन तट पडलेत. ज्यांची नावं मी सांगितली त्यातले तिघे बोलत न्हाईत. गिरणीवाल्यानं मात्र परवा स्वतः उठून दळण सायकलवर बांधून दिलं, चेष्टा केली न्हाई.

खालच्या वावरात पाणी ओसरलंय. कपाशी बरी उभी आहे. डोमकळ्या दिसतात, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या राहिलेल्या, त्या उघडल्या की आत अळी. काल सहज वीस हिरवी बोंडं फोडली, सातात निघाली. तुला हे कळवायचं काही कारण न्हाई. पण ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाला कळवणार?

बाप


१६ ऑक्टोबर २०२४

प्रति,
प्रा. शीतल मॅडम,
जीवशास्त्र विभाग.

विषय: आपल्या पत्रास उत्तर.

महोदया,

आपलं पत्र मिळालं. ‘श्री. मच्छिंद्र, शेतकरी, यांस’ असा मायना बघून तुझी माय घाबरली, तिला वाटलं आता मलाच नोटीस आली. मी वाचून दाखवलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

अर्जाबद्दल दोन शब्द बोलतो, कारण त्यातलं मला कळतं. विषयाची ओळ लांबली आहे. जावक क्रमांक टाकायचा राहिला. ‘प्रात्यक्षिकासाठी शेतभेटीची परवानगी मिळणेबाबत’ एवढं पुष्कळ होतं. बाकी मजकूर चोख आहे. प्रात्यक्षिकात अळी मोजायला कुणाची बंदी न्हाई, हे तू विभागप्रमुखांकडून लेखी घेतलंस आणि त्याची प्रत जोडलीस, ते लई चांगलं केलंस. माझी पोरगी शोभतेस.

आणि सगळ्यात खाली, शिक्क्याच्या बाजूला, लाल पेननं एक ओळ आहे. ‘आबा, डोमकळ्या तोडून टाकू नका.’ ती मी तुझ्या मायला वाचून दाखवली न्हाई. तिच्या हातात दिली. तिला वाचता येत न्हाई, तरी बराच वेळ बघत बसली, आणि मंग विचारलं, लाल लाल काय लिहिलंय. मी सांगितलं. दोन महिन्यांनी तू मला आबा म्हणालीस.

डोमकळ्या तोडायला बाया सांगितल्या होत्या, न तोडल्या तर अळी वाढते हे तुलाही माहीत आहे. म्हणून बाकी वावर साफ करून घेतो, पण धुऱ्याकडच्या कडेचे चार तास तसेच ठेवलेत. तेव्हा जे ठेवले न्हाईत ते आता तुझ्या पोरांसाठी ठेवले. शनिवारी एकोणीस तारखेला बेचाळीस पोरं येणार असं लिहिलंयस. चिखल आहे, पोरींना साध्या चपला घालून यायला सांग. तुझी माय आणि कौसल्या भाकरी टाकणार आहेत, पिठलं आणि ठेचा, कमी पडणार न्हाई. भावनालाही बसव जेवायला, पोरीचा काही दोष नव्हता.

सूरज येऊन उभा राहील, मोबाईलवर शूटिंग करील. करू दे. तू जोरात बोल.

एक अट आहे. परवानगी देणाऱ्याला अट घालता येते. पोरं विचारतील, की पाकीट कुणी फेकलं होतं. तेव्हा ‘गावातले एक शेतकरी’ असं म्हणू नको. माझ्याकडं बोट दाखव. मी धुऱ्यावरच उभा असेन.

आबा